भेग बुजवू नये

मी एक जुना पुतळा आहे. पुतळा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे घोडा, तलवार आणि डोक्यावर बसलेला कावळा येत असेल. यातले माझ्याकडे काहीही नाही. मी भाजलेल्या मातीचा, माणसाएवढ्या उंचीचा, उघड्या अंगाचा एक पुरुष आहे. कमरेला आखूड चड्डी, दोन्ही हात सैल सोडलेले, हनुवटी जराशी वर. माझ्या बरगड्या मोजता येतात. मानेखालचे दोन खळगे एवढे खोल आहेत की झाडलोट करणाऱ्या मावशी त्यांत फडक्याचे टोक घालून धूळ काढतात. आणि मानेच्या डाव्या बाजूच्या हाडापासून पोटापर्यंत माझ्या छातीवर एक तिरकी भेग आहे.

मित्रांनो, मला आजवर पुष्कळ नावे पडली. पिंजरा, काडीपैलवान, क्षयरोगी, 'व्यायामाच्या आधी'. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरे काय! माझे खरे नाव वारा. मी आजारी नाही, उपाशी नाही, कुणाकडे काही मागायला उभा नाही. मी फक्त श्वास घेत आहे. हे मला कधीच ठणकावून सांगायचे होते, पण मधली बारा वर्षे माझा गळा बंद केला होता. तो कुणी आणि का बंद केला, ते आज सांगतो. ऐकून दया आली तर ती आपल्यापाशीच ठेवा.

मी राहतो तो एका व्यायामशाळेचा दर्शनी हॉल आहे. इमारत बांधणाऱ्याने हॉलच्या चार कोपऱ्यांत, माणूस आत फिरू शकेल एवढे, चार खोल कोनाडे ठेवले होते. ते रिकामे दिसतात म्हणून व्यायामशाळेच्या सेक्रेटरींनी ठरवले, की तिथे चार पुरुषांचे पुतळे बसवायचे: पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वारा. काम एका तरुण शिल्पकार बाईंना दिले. त्यांना सगळे ताई म्हणत. ताई म्हणाल्या, "अहो, महाभूतं पाच असतात. आकाश राहिलं."

सेक्रेटरी म्हणाले, "कोपरे चारच आहेत. पाचवा उभा कुठे करू, माझ्या टेबलावर?"

"मग हॉलचा मधला भाग मोकळा ठेवा. तेच आकाश," ताई म्हणाल्या. सेक्रेटरींना ते पटले, कारण त्याला खर्च नव्हता.

ताईंची कामाची जागा एका बंद पडलेल्या छापखान्याच्या मागे होती. पत्र्याचे छप्पर, एक गळका नळ, मातीने भरलेले मोठे पिंप आणि मधोमध फिरता पाट. तिथे पहिले तीन भाऊ तयार झाले. पृथ्वीसाठी ताईंनी बाजारातला एक हमाल उभा केला. गोण्या वाहून त्याची पाठ दारासारखी रुंद झाली होती आणि पोट चांगले पुढे आले होते. पाण्यासाठी लाँड्रीत चादरी पिळणारा, कमरेत वाकलेला एक माणूस. अग्नीसाठी बेकरीतला भट्टीवाला. त्याच्या हातावरचे केस कोपरापर्यंत जळून गेले होते. तिघेही जसे होते तसेच मातीत आले.

सेक्रेटरी पाहायला आले आणि त्यांचा चेहरा पडला. "ताई, आमची व्यायामशाळा आहे हो. निदान एक तरी आमचा माणूस घ्या!" असे म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी व्यायामशाळेचा चॅम्पियन पाठवून दिला. त्याला सगळे पैलवान म्हणत. वय बावीस-तेवीस, दंड फुगलेले, मान जाड. स्वभावाने लाजाळू होता, पण शर्ट काढला की एकदम ताठ होई.

आणि इथेच घोडे अडले. पैलवान पाटावर चढला की छाती वर, पोट आत, श्वास बंद. हळूहळू तोंड लाल होऊ लागे.

"श्वास घ्या," ताई सांगत.

"घेतलाय."

"मग सोडा."

"सोडला तर पोट दिसतं," पैलवान ओठ न हलवता म्हणे.

आठ दिवस हे चालले. ताईंनी मातीचे धड तयार केले. अंगावरचा एकेक स्नायू बरोबर होता. नवव्या दिवशी ताई दूर जाऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी माती कापायची तार हातात घेतली आणि ते धड वरपासून खालपर्यंत कापले. "दम कोंडून उभा राहिलेला माणूस वारा कसा होईल?" असे त्या स्वतःशीच पुटपुटल्या. पैलवान शर्ट हातात घेऊन बघत होता. त्याने शर्टाची बटणे चुकीच्या काजांत लावली आणि निघून गेला. ताईंचे त्याच्याकडे लक्षही नव्हते. माणसाला दुखवल्याचे दुखवणाऱ्याला कळत नाही, ते असे. कापलेली माती त्यांनी पुन्हा पिंपात भिजत टाकली.

ती माती म्हणजे मी. हे तेवढे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

ताईंचे वडील, अप्पा, रोज दुपारी त्यांच्यासाठी डबा घेऊन येत. त्यांनी अडतीस वर्षे काचेच्या कारखान्यात लांब नळी फुंकून बाटल्या बनवल्या होत्या. "माझा निम्मा श्वास लोकांच्या कपाटात आहे, औषधाच्या बाटल्यांत," असे ते सांगत. उरलेल्या निम्म्यावर त्यांना छापखान्याच्या सहा पायऱ्या चढवत नसत. वर आले की ते दाराची चौकट धरून उभे राहत आणि श्वास घेत. तो नुसता नाकाने घेतलेला श्वास नसे. खांदे उचलले जात, मानेखालचे खळगे खोल होत, बरगड्या एकेक करून उघडत, पोट आत जाई. सगळा माणूस त्या एका कामाला लागे.

त्या दिवशी ताईंनी डब्याकडे पाहिलेच नाही. "अप्पा, तिथेच थांबा!"

"का गं? पाय पुसायचे राहिले का?"

"शर्ट काढा."

"वेडी का काय तू! या वयात मी पैलवानाच्या जागी उभा राहू? बरगड्या बघ माझ्या. लोक म्हणतील, पोरगी बापाच्या हातचा डबा खाते आणि बापाला उपाशी ठेवते."

"लोकांचं मी बघते. तुम्ही फक्त श्वास घ्या."

"ते तर मी फुकटात करतो," अप्पा म्हणाले आणि शर्ट काढून खिळ्याला अडकवला.

दीड महिना ते रोज उभे राहिले. थकले की स्टुलावर बसत, पाणी पीत आणि ताईंना चुका दाखवत. "नाक जरा बरं कर. एवढं मोठं नाही माझं." "आरशात बघा." "आरसा खोटं बोलतो." असे बापलेकीचे चाले. ताई मातीच्या लांब वळ्या एकावर एक चढवत मला वाढवत होत्या. भिंत दोन बोटे जाड आणि आत सगळे पोकळ. पुतळा भट्टीत मावावा म्हणून पाय वेगळे आणि कमरेपासून वरचा भाग वेगळा केला. वरच्या भागाला कमरेशी मातीचाच तळ बसवला. त्यामुळे माझी छाती झाकण लावलेल्या डब्यासारखी बंद झाली. ती तशीच भाजली तर आतली हवा तापून फुगते आणि फोडून बाहेर पडते. म्हणून ताईंनी माझ्या मानेच्या मागे, केसांच्या खाली, अंगठा जाईल एवढे भोक ठेवले. आमच्या कामात ते ठेवतातच.

पण अप्पा आमच्या कामातले नव्हते. ते काचेतले होते. त्यांच्या कारखान्यात भोक पडलेली बाटली सगळ्यांदेखत फोडत आणि ती फुंकणाऱ्याचे नाव मोठ्याने पुकारत. अडतीस वर्षे ही धास्ती बाळगून त्यांचा अंगठा भोक दिसले की आपोआप तिकडे वळे. मला टेम्पोतून गावाबाहेर, कौलांच्या भट्टीवर नेले, तेव्हा अप्पा मला गोधडीसकट कवेत धरून बसले होते. मला कुठे ठेवायचे हे ताई तिथल्या भट्टीवाल्याशी बोलत होत्या आणि अप्पांना माझ्या मानेवरचे भोक दिसले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. बादलीतली चिमूटभर माती घेतली, भोकात दाबली आणि अंगठ्याने अशी सफाईने सारवली की मागमूस राहिला नाही. त्यांना फार बरे वाटले. लेकीची चूक वेळेवर सापडली होती, आणि ते तिला सांगून तिचे मन मोडणार नव्हते.

मी ओरडलो असतो, पण कच्च्या मातीला कुठे आवाज असतो!

पहिल्या दिवशी भट्टी मंद होती. दुसऱ्या दिवशी धग वाढली आणि माझ्या छातीतला वारा वाट शोधू लागला. मागे गेला, तिथे अप्पांचा अंगठा. खाली गेला, तिथे तळ. मग त्याने पुढून वाट काढली. आवाज फार मोठा झाला नाही, नुसते टक्क वाजले. भट्टीवाल्याने मान हलवली आणि बिडी पेटवली.

भट्टी थंड झाल्यावर ताईंनी मला बाहेर काढले. त्यांचे बोट भेगेवरून वरून खाली गेले, मग खालून वर. मागे हात फिरवताना मातीची एक गोळी सुटून त्यांच्या तळहातावर पडली. ओली माती सुकलेल्या मातीला धरत नाही. गोळीवर अंगठ्याचा ठसा होता, रुंद आणि मधे चपटा. तो ठसा त्या लहानपणापासून ओळखत होत्या.

"अप्पा, हे तुमचं?"

अप्पांनी गोळी पाहिली, भेग पाहिली आणि मटकन खाली बसले. "आमच्यात भोक असलं की फुटकं म्हणतात गं," ते म्हणाले. "तुमच्यात भोक नसलं की फुटतं, हे मला कुणी सांगितलं नाही." मग म्हणाले, "मोड त्याला. मी पुन्हा उभा राहतो. महिना लागू दे, दोन लागू देत."

अप्पा उठले. बाटली तयार झाली की कारागीर तिच्या तोंडाशी एकदा फुंकून बघतो. त्याच सवयीने त्यांनी माझ्या मानेमागच्या भोकाला ओठ लावले आणि होता नव्हता तेवढा श्वास माझ्यात फुंकला. तो माझ्या छातीतून फिरला आणि भेगेतून बाहेर पडला. हूंऽऽ असा एक लांब, घोगरा आवाज आला. अप्पा पायऱ्या चढून आल्यावर यायचा, अगदी तसा.

भट्टीवाल्याने बिडी विझवली.

"चालतोय की!" अप्पा म्हणाले.

"नाही मोडायचा," ताई म्हणाल्या. "आणि बुजवायचाही नाही."

मित्रांनो, 'मोडेन पण वाकणार नाही' ही म्हण माणसे उगाच वापरतात. तुम्हाला वाकता येते, तुम्ही दिवसातून दहादा वाकता. भाजलेल्या मातीला वाकताच येत नाही. ती म्हण माझी आहे, आणि मी ती पोटाशी धरूनच व्यायामशाळेत आलो.

अनावरणाच्या दिवशी सेक्रेटरी माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "ताई, बाकीचे तिघे चालवून घेतो. पण हा तर व्यायामशाळेत कधीच न आलेल्या माणसाचा पुतळा झाला! त्यात तडकलेला. थोडं प्लास्टर भरा, छाती जरा फुगवा."

"हॉलमध्ये बघा जरा," ताई म्हणाल्या. "फोटोसाठी सगळे पोट आत ओढून उभे आहेत. श्वास घेणारा हा एकटाच आहे. भेग बुजणार नाही, हीच माझी अट. नसेल पटत तर चारही परत नेते."

सेक्रेटरी हट्टी होते, पण शब्दाचे पक्के होते. त्यांनी अट कबूल केली आणि माझ्या पायाशी पितळी पाटी लावली: 'वारा. भेग बुजवू नये.' अप्पा आपला ठेवणीतला कोट घालून माझ्याशेजारी उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिले, "दोघांत देखणा कोण?"

पुढची वर्षे माझ्या मानाची होती. सकाळी दरवाजा आणि हॉलची मागची खिडकी उघडली की वाऱ्याची झुळूक माझ्यातून जाई आणि मी हूं म्हणे. पहिले काही दिवस लोक दचकले, मग सवयीने त्याला उत्तर देऊ लागले. तिथले वस्ताद आधी मला हसले होते. नंतर तेच नव्या मुलांना माझ्यासमोर उभे करून सांगत, "दंड नंतर फुगवा. आधी या म्हाताऱ्यासारखा श्वास घेऊन दाखवा." अप्पा सकाळच्या फेरीत माझ्याजवळच्या बाकावर दम खायला बसत. मी आणि ते एकाच सुरात श्वास घेत असू.

मग एका हिवाळ्यात अप्पा यायचे थांबले. काही दिवसांनी ताई एकट्या आल्या. दार उघडे होते. मी आवाज केला. ताईंनी माझ्या पाठीला कपाळ टेकले आणि तशाच राहिल्या. त्या दिवशी झुळूक होती त्यापेक्षा माझा आवाज लांब निघाला. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. त्यानंतर त्या दर महिन्याला येत, एका पिसाने माझे भोक आणि भेग साफ करत, आवाज ऐकत आणि जात. बापाचा फोटो पुष्कळांकडे असतो. ताईंकडे बापाचा श्वास होता, आणि तो माझ्यापाशी ठेवलेला होता.

पुढे ताईंना दुसऱ्या शहरात शिकवायचे काम मिळाले. जुने सेक्रेटरी गेले, वस्ताद थकले. नवे सेक्रेटरी झाले ते आपले पैलवान. आता त्यांचे केस पांढरे झाले होते आणि पोट आत ओढायला जास्त कष्ट पडत होते. त्यांनी हॉलच्या मधोमध यंत्रे आणली, भिंतींना आरसे लावले आणि हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा बसवला. ताईंनी मोकळे ठेवलेले आकाश दोन महिन्यांत भरून गेले. त्या पंख्यामुळे माझा आवाज दिवसभर येऊ लागला. लोकांनी तक्रार केली, की गाणी नीट ऐकू येत नाहीत.

पैलवानांना निमित्तच हवे होते. त्यांनी माझ्या पायाशी बुटांचे कपाट सरकवले, त्यामागे पाटी गेली. मग गवंडी बोलावला. गवंडी बिचारा शहाणा होता. त्याने विचारले, "साहेब, चीर जुनी दिसते. मुद्दाम ठेवलीय का?"

"मुद्दाम भेग कोण ठेवतं? बुजव. मागचं भोकही बुजव," पैलवान म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

भेगेत सिमेंट भरले गेले, वरून तांब्याच्या रंगाचा तेलकट रंग फासला गेला आणि मी गप्प झालो. बारा वर्षे.

माझ्या कोपऱ्यामागे न्हाणीघराची भिंत आहे. तिथली ओल पहिल्यापासून माझ्यात चढत होती, पण भेगेतून आणि भोकातून वाळून जात होती. आता तिला वाट राहिली नाही. रंगाला फोड आले. आतून पांढरे मीठ फुटले. बरगड्यांचे पापुद्रे सुटून बुटांवर पडू लागले. लोक माझ्या खांद्यावर घामट टॉवेल टाकत, कुणी मोजे वाळत घाले. पोरे माझ्याशेजारी दंड दाखवून फोटो काढत आणि खाली लिहीत, 'आधी' आणि 'नंतर'. मी सगळे सोसले असे मी म्हणणार नाही. मला राग येत होता. रोज येत होता. रागाला वाट नसली की तोही ओलीसारखा आतून खातो.

मग हॉलला नवी फरशी घालायचे ठरले. पैलवान आता अध्यक्ष होते. पृथ्वी, पाणी आणि अग्नी वरच्या मजल्यावर जाणार होते. माझ्यासाठी राडारोड्याची गाडी सांगितली होती, सोमवारची. झाडलोट करणाऱ्या मावशींनी ते ऐकले. त्यांनी हातातला फडका खाली ठेवला आणि ताईंना फोन लावला. "ताई, तुमच्या अप्पांना सोमवारी उचलणार आहेत. यायचं तर आधी या." मावशी मला अप्पाच म्हणतात.

ताई शनिवारी आल्या. केस सगळे पिकलेले, हातात कापडी पिशवी. पिशवीत छिन्नी, लहान हातोडी आणि एक पीस. त्यांनी मला पाहिले आणि पहिला शब्द उच्चारला तो इथे सांगण्यासारखा नाही. मग त्यांनी आणि मावशींनी मिळून बुटांचे कपाट बाजूला ओढले. बूट सगळीकडे विखुरले. आवाज ऐकून पैलवान काठी टेकत बाहेर आले. वर्षभराच्या छातीच्या दुखण्याने ते अर्धे झाले होते. शर्ट खांद्यांवरून लोंबत होता. तरी ताईंना पाहताच त्यांनी पोट आत ओढले.

"हे वाचा," ताईंनी पाटीकडे बोट केले.

"माहीत आहे काय लिहिलंय ते."

"माहीत असून बुजवलंत?"

पैलवानांचा चेहरा लाल झाला. "आठ दिवस मला त्या पाटावर उभं केलंत, ताई. घरी सांगितलं होतं मी. आई शेजारपाजाऱ्यांना सांगत फिरली, माझ्या मुलाचा पुतळा होतोय म्हणून. आणि तुम्ही तार घेतलीत, एका झटक्यात कापलंत. एक शब्द नाही बोललात! आणि मग माझ्या जागी हा. रोज सकाळी दार उघडलं की हा मला हसायचा."

मी हसत नव्हतो, मित्रांनो. पण कोंडून घेतलेल्या माणसाला दुसऱ्याचा श्वासही टोमण्यासारखा लागतो.

ताईंनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "चुकले मी. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी आकार मोडला, पैलवान. माती नाही टाकली. आम्ही माती टाकत नाही, भिजवून पुन्हा तुडवतो. याची छाती त्याच मातीची आहे. कमरेपासून वरचा हा सगळा, तुमच्यासाठी मळलेल्या मातीचा आहे."

पैलवान माझ्याकडे पाहू लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिले. "म्हणजे मी यात होतो?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि बारा वर्षं मी..."

"हो," ताई म्हणाल्या. "स्वतःचंच नाक दाबून बसलात."

मावशी खुदकन हसल्या आणि मग पदर तोंडाला लावून बूट गोळा करू लागल्या.

पैलवान जवळ आले. "सिमेंट कडक आहे. काढताना फुटला तर?"

"फुटला तर फुटका ठेवू. बुजलेला ठेवणार नाही."

हे माझ्या मनातले होते. मला विचारले असते तर मी याहून एक अक्षर जास्त बोललो नसतो.

काम तीन सकाळी चालले. सोमवारी गाडी आली, तेव्हा पैलवानांनी तिला बुटांचे कपाट देऊन परत पाठवले. सिमेंट माझ्यापेक्षा टणक होते. ताई कणाकणाने ते उकरत आणि पैलवान दोन्ही तळहात माझ्या बरगड्यांना लावून मला धरून ठेवत. दुसऱ्या दिवशी माझी चौथी बरगडी तळहाताएवढी निखळून पडली. ताईंनी तो तुकडा मावशींच्या हातात दिला आणि छिन्नी पुढे चालवली.

शेवटी मानेमागचे भोक राहिले. ताईंनी ते पिसाने साफ केले, पण आतली भुकटी निघेना. त्या म्हणाल्या, "पैलवान, फुंका."

"मला नाही जमायचं आता. दोन पावलं चाललो की धाप लागते."

"अप्पांनाही लागायची."

पैलवानांनी एकदा समोरच्या आरशात पाहिले. मग डोळे मिटले आणि इतक्या वर्षांचे आत ओढलेले पोट सोडून दिले. शर्ट पुढे आला, खांदे उचलले गेले, मानेखालचे खळगे दिसू लागले. त्यांनी माझ्या मानेला ओठ लावले आणि फुंकले.

बारा वर्षांची भुकटी ताईंच्या तोंडावर उडाली. तिच्यामागून माझा आवाज आला. तुटक होता, घोगरा होता, निखळलेल्या बरगडीतून जास्तीची हवा सुटत होती. पण तो होता. ताई भुकटीने माखलेल्या तोंडाने हसत होत्या आणि रडत होत्या. पैलवान धापा टाकत बाकावर बसले, जिथे अप्पा बसत तिथेच. थोड्या वेळाने आमचा दोघांचा सूर जुळला.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तूंनी हात जोडायचे असतात आणि 'आमची काळजी घ्या हो' म्हणायचे असते. माझे हात जोडलेले बनवलेलेच नाहीत. मी तुम्हाला बजावतो. मला रंग लावू नका, माझी बरगडी चिकटवू नका, माझ्यावर टॉवेल टाकू नका. पाटी आता उघडी आहे आणि मावशी ती रोज घासतात. ज्याला वाचता येते त्याने वाचावी. आणि उद्या कुणी पुन्हा सिमेंटची थापी घेऊन आलाच, तर त्याला आधी माझ्यासमोर उभे करा. स्वतःचे नाक चिमटीत धरून तोंड मिटायला सांगा आणि मनात शंभरपर्यंत आकडे मोजायला लावा.

चाळिसावर पोहोचायच्या आत त्याचा श्वास सुटेल, आणि मी हूं म्हणेन.